तळटीप ७ : ‘सांगवीकराचे पुणे’

७. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीतील पुणे. नेमाडे यांचा जन्म १९३८ साली सांगवी येथे झाला. गाव तेव्हाच्या पूर्व खानदेशात, आजच्या जळगाव जिल्ह्यात. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले.

कादंबरीचा निवेदक, पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर, खानदेशातील खेड्यातून पुण्यात कॉलेजला येतो. त्याला शहर भेटते ते होस्टेलच्या खोलीत, मेसच्या हिशेबांत, मित्रांबरोबरच्या भटकंतीत आणि पैशांवरून वडिलांशी होणाऱ्या खटक्यांत. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूनंतर तर ते त्याला पारखेच होते. शेवटी तो गावी परततो.

मराठी कादंबरीत पुणे इतके जिव्हारी लागेल असे बाहेरून आलेल्या मुलाच्या नजरेतून क्वचितच उतरले आहे. प्रस्तुत उताऱ्यातील ‘पुणे’ याच अर्थाने घ्यावे.