बी कोणत्या झाडाचे?

माजरीहून वणीमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मुकुटबन हे स्टेशन लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातले हे गाव. दक्षिणेला पैनगंगा, तिच्यापलीकडे तेलंगण आणि भोवती पानगळीचे सागवन. गोंड आणि कोलाम ही इथली जुनी माणसे. जमिनीखालच्या चुनखडीमुळे गावाचे नाव आता कारखानदारीतही घेतले जाते. २०२२ मध्ये इथे मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. जमिनीखालच्या या संपत्तीची मोजदाद झालेली आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या सागाची एक संपत्ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे त्याच्या बियांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले गुण.

आपला शेतकरी ज्वारीचे बियाणे कसे राखायचा? उभ्या पिकात हिंडून सर्वांत भरदार कणसे निवडायची, ती वेगळी ठेवायची आणि उरलेली खायची. साध्या शेतकऱ्याला कळलेली ही गोष्ट जंगलाच्या कारभाऱ्यांना मात्र फार उशिरा उमगली. जंगलात नेमके उलटे घडत होते. सर्वांत सरळ, उंच आणि जाड साग आधी तोडला जाई. वाकडे, फाटेफुटीचे, बुटके झाड कुणाला नको असे, म्हणून ते उभे राही. पुढच्या पिढीचे बी पडे ते त्याचेच.

ही तोड जुनी आहे. मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जहाजे बांधली जात. १८१७ मध्ये तिथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये आजही जपून ठेवले आहे. सागाला इतकी मागणी, की १८०६ मध्येच कंपनी सरकारने मलबारात वनांसाठी कॅप्टन वॉटसन नावाचा अधिकारी नेमला. तरी साग संपत चालला. तेव्हा मलबारचा कलेक्टर कोनोली याने १८४० च्या दशकात निलांबूरला साग लावायला घेतला. सुरुवातीला बी उगवेचना. अखेर चातू मेनन या देशी अधिकाऱ्याने चिकाटीने रोपे उगवून दाखवली आणि सागाची पहिली मोठी लागवड उभी राहिली. पुढे १८६४ मध्ये ब्रँडिस यांच्या हाताखाली वनखाते स्थापन झाले. जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, कूप पडले, लागवडी वाढल्या. पण बी कोणत्या झाडाचे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नसे. झाडाखाली पडलेली फळे झाडून गोळा करायची, पोती भरायची, की काम झाले.

यातला धोका सागाच्या स्वभावातच आहे. सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. शेंडा फुलला की सरळ वाढ थांबते आणि झाडाला फाटे फुटतात. म्हणजे जो साग लहान वयात फुलतो, त्याचे सरळ खोड आखूड राहते. आणि लवकर, भरपूर बी देणारा सागही तोच! गोळा करणाऱ्याची पोती अशा झाडाखाली लवकर भरतात.

सुदैवाने निसर्गाने एक तजवीज करून ठेवली आहे. तोडलेल्या सागाच्या खुंटाला फुटवे येतात आणि हे फुटवे म्हणजे गुणांनी तेच झाड. त्यामुळे तोडीच्या जंगलातही जुना वाण पुरता बुडाला नाही.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाकडे शास्त्रीय नजरेने पाहिले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतर्फे आलेले तज्ज्ञ मॅथ्यूज यांनी १९६१ मध्ये वनवृक्षांच्या सुधारणेचा आराखडा भारत सरकारला दिला. डेहराडूनचे शास्त्रज्ञ केदारनाथ यांच्यासह त्यांनी सागाच्या निवडीची दिशा मांडली. मग वनाधिकारी आणि वनरक्षक जंगले पालथी घालू लागले. खोड सरळ आहे का, फाटा किती उंचीवर आहे, कीड-रोग आहे का, शेजारच्या झाडांपेक्षा हे झाड सरस आहे का, हे पाहून ‘श्रेष्ठ वृक्ष’ निवडले गेले.

निवडलेल्या झाडाची पुढची पिढी कशी करायची? विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे सांगायला नको. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, तसाच सागाच्या रोपावर श्रेष्ठ सागाचा डोळा भरला गेला. अशा अनेक झाडांची कलमे एका ठिकाणी, एकाच झाडाची दोन कलमे शेजारी येणार नाहीत अशी लावायची, म्हणजे त्यांच्या संकरातून चांगले बी मिळेल. हे झाले बीजोद्यान. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतल्या श्रेष्ठ सागांची अशी कलमे जपणारी राष्ट्रीय साग जननद्रव्य पेढी उभी राहिली ती मुकुटबनच्या शेजारच्या मुलखात, वर्धा नदीपलीकडे चंद्रपूरला.

पण निसर्ग आराखड्याप्रमाणे वागत नाही. दूरदूरच्या प्रदेशांतली कलमे एकत्र आली खरी, पण ती एकाच वेळी फुलेनात. सागाचे फूल एका दिवसाचे, त्याचे परागण कीटकांवर अवलंबून आणि हजारो फुलांतून फळे धरतात ती मोजकी. बीजोद्यानांनी अपेक्षेपेक्षा फारच कमी बी दिले. दुसरी अडचण वेळेची. झाड देखणे आहे ते वाणामुळे की नदीकाठच्या सुपीक मातीमुळे, हे त्याची संतती वाढवून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्याला दशके लागतात. लावणारा निवृत्त होतो आणि मोजणी दुसराच करतो. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, त्या यामुळेच.

दरम्यान १९९० च्या दशकात ‘थोडे पैसे गुंतवा, वीस वर्षांत सागाचे लखपती व्हा’ अशा थाटाच्या जाहिरातींनी मध्यमवर्गाला भुरळ घातली. अनेक कंपन्या बुडाल्या, लोकांचे पैसे गेले आणि १९९९ मध्ये ‘सेबी’ला अशा योजनांसाठी नियम करावे लागले. वर्षानुवर्षे मोजमाप घेणाऱ्या माणसांनी असली आश्वासने कधी दिली नव्हती.

नव्या शतकात जनुकांच्या अभ्यासाने चित्र अधिक स्पष्ट केले. साग नैसर्गिकरीत्या भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चारच देशांत आढळतो, आणि त्याची आनुवंशिक विविधता भारतात सर्वांत समृद्ध आहे. २०१८ मध्ये कोइमतूरच्या वन आनुवंशिकी संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने सागाच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. गडचिरोलीतले आलापल्लीचे जुने सागवन २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. तिथले उंच साग हे केवळ प्रेक्षणीय स्थळ नाही, ती बियाण्याची जिवंत कणगी आहे.

मग मुकुटबनच्या सागाचे काय? तो आलापल्लीच्या सागाइतका उंच आणि जाड नाही. पण उन्हाळ्यातली रणरण, लहरी पाऊस आणि उथळ, दगडाळ जमीन सोसून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. हवामान बदलत असताना हाच गुण उद्या सर्वांत मोलाचा ठरू शकतो. सुधारणा म्हणजे मोजक्याच उत्तम कलमांनी सारे रान भरणे, असा अर्थ घेतला तर एखाद्या नव्या किडीपुढे ते सारे रान एकदमच मान टाकेल. निवड हवी, पण निवडीसाठी आधी विविधता शिल्लक हवी. खाणीसाठी, रस्त्यासाठी जंगल तुटते तेव्हा बदल्यात तेवढी रोपे लावल्याचा हिशेब दिला जातो. रोपांची संख्या जुळली, तरी त्या मातीत मुरलेला वाण परत येतोच असे नाही.

म्हणून बांधावर साग लावणाऱ्या शेतकऱ्याने सागजडी घेताना किंमत विचारावीच, पण ‘बी कुठल्या जंगलातले, कोणत्या झाडाचे?’ हेही विचारावे. ज्वारीसाठी त्याच्या आजोबांनी हा प्रश्न आयुष्यभर विचारला होता. सागाची चूक लक्षात येते ती मात्र नातवाच्या काळात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)