सापाचे हृदय आणि शस्त्रवैद्यांची शाळा

वाचकहो, कपाशीच्या वावरात साप निघाला, की आपण अगोदर काठी शोधतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मात्र अशा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाकडे पाहून एक प्रश्न विचारला. मी इतिहासाचा मास्तर, वैद्य नव्हे. पण त्या प्रश्नाची हकीकत तुम्हांस सांगण्याजोगी आहे.

माणसाच्या हृदयाच्या स्नायूला वेगळ्या रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. त्या तुंबल्या, की झटका येतो. सापाच्या हृदयाचा स्नायू मात्र स्पंजासारखा. त्यात कप्प्यातले रक्त थेट झिरपते. मग माणसाच्या हृदयाला सुईने बारीक भोके पाडली, तर तसेच रक्त झिरपेल काय?

सेन नुसते विचारून थांबले नाहीत. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १९६५ साली परदेशी नियतकालिकात लेख आला. त्यावर गुरूच्या नावाबरोबर तेहेमतन उदवाडिया, परुळकर अशा सहकाऱ्यांचीही नावे होती. त्याच तयारीच्या बळावर फेब्रुवारी १९६८ मध्ये येथे भारतातले पहिले हृदयारोपण झाले. जगातले पहिले केपटाऊनला होऊन जेमतेम अडीच महिने लोटले होते.

आता खरे तेच सांगतो. तो रुग्ण काही तासांतच दगावला. सुईची भोकेही काही काळाने बुजतात असे पुढे दिसून आले. मग श्रम वाया गेले काय? नाही. प्रश्न विचारण्याची सवय मागे राहिली. उदवाडियांनी १९७२ साली जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पोटाची तपासणी सुरू केली आणि १९९० मध्ये पोट न फाडता पित्ताशय काढून दाखवले. ते अशा मुशीत घडले होते.

शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टराला रेसिडेंट म्हणतात. दिवसा पट्ट्या आणि टाके, रात्री जागरण. संशोधनाला सवड कोठली? आज एम. एस. च्या तीन वर्षांत प्रबंध सक्तीचा आहे. पण पाठीशी गुरू नसेल, तर प्रबंध म्हणजे उरकून टाकायचे कागद. सक्तीने प्रबंध होतो, संशोधक होत नाही.

अकोल्यास २००२ पासून, अमरावतीस २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मळणीयंत्रात सापडलेला हात कसा वाचवावा, हा प्रश्न मुंबईपेक्षा वऱ्हाडातच अधिक नीट अभ्यासता येईल. त्यासाठी शिकाऊ डॉक्टराला थोडी सवड आणि मोठ्यांची साथ हवी.

आणि गुरुजी, उद्या वर्गात एखाद्या पोराने विचारले, “सर, सापाला हृदय असते का हो?” तर त्याला ‘खाली बस’ म्हणू नका. उत्तर येत नसेल, तर त्याच्याबरोबर शोधा. शस्त्रवैद्यांची शाळा तेथूनच सुरू होते.