पहिल्या गोळीचा प्रश्न

हॅमर असलेल्या अर्ध-स्वयंचलित पिस्तुलाचा चाप ओढला की हॅमर पुढे आपटतो, फायरिंग पिनवर आघात होतो आणि काडतूस पेटते. अशा बहुतेक पिस्तुलांत हा हॅमर मागील बाजूस उघडा असतो. तो ताणलेला आहे की नाही, हे डोळ्यांना दिसते आणि अंधारात अंगठ्यालाही कळते. निवडीतील खरा पेच मात्र पहिल्या गोळीचा असतो.

अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये जॉन ब्राऊनिंग यांच्या आराखड्याचे .४५ कॅलिबरचे कोल्ट पिस्तूल स्वीकारले. ते 'सिंगल अॅक्शन' होते. हॅमर आधीच ताणलेला असल्याशिवाय गोळी सुटत नसे. चाप हलका असल्याने नेम साधणे सोपे जाई. मात्र, हॅमर ताणून आणि सेफ्टी लावून पिस्तूल बाळगायला कडक शिस्त लागे.

१९८५ मध्ये त्याच्या जागी इटलीच्या बेरेटा कंपनीचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल 'एम-९' या नावाने निवडले गेले. अंतिम स्पर्धेत सिग सॉअरचे 'पी-२२६'ही चाचण्यांत उतरले होते. परंतु बेरेटाची एकूण बोली कमी ठरली. मॅगझिनमधील गोळ्या सातवरून पंधरा झाल्या. पहिल्या गोळीला चापच हॅमर ताणतो, म्हणून तो जड व लांब. पुढच्या गोळ्यांना हलका. त्यामुळे नकळत गोळी सुटण्याचा धोका घटला, तरी एकाच शस्त्राचे दोन दाब हाताला शिकवावे लागले.

२०१७ मध्ये याच लष्कराने हॅमर नसलेले 'पी-३२०' निवडले. त्यात प्रत्येक गोळीला चापाचा दाब सारखाच असतो. सुरक्षिततेचा किती भार यंत्रणेवर टाकायचा आणि किती सरावावर, हे ठरवणे म्हणजेच पिस्तुलाची निवड होय.