पन्नास मि.मी. लेन्सची जुनी पुण्याई

नवा कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हमखास दोन सल्ले मिळतात. दुकानदार म्हणतो, "कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स पुरेशी आहे." एखादा जुना छायाचित्रकार म्हणतो, "झूम राहू दे, एक साधी पन्नास मि.मी. घे, एफ/१.८ ची." विद्यार्थी बुचकळ्यात पडतो, कारण ही दुसरी लेन्स दिसायला अगदी साधी, वजनाला हलकी, एकाच नाभीय अंतराची आणि बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. एवढी स्वस्त वस्तू चांगली कशी असेल? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र दुकानात नव्हे, प्रकाशशास्त्राच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात सापडते.

पुढे वाचण्यापूर्वी दोन शब्दांचा अर्थ पक्का करू. 'भिंग' म्हणजे काचेचा एक तुकडा आणि 'लेन्स' म्हणजे अशा अनेक भिंगांची नळीत बसवलेली जुळणी. एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ५० मि.मी. लेन्सचा एफ-अंक १.८ असेल तर छिद्र सुमारे २८ मि.मी. रुंद असते. अंक जितका लहान, तितका प्रकाश जास्त, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात.

आता शाळेच्या प्रयोगशाळेतले १० सें.मी. नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग घ्या आणि समोरच्या खिडकीची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा. मध्यभागी गज स्पष्ट दिसतील. कडेला ते पुसट होतील आणि त्यांना रंगीत किनार येईल. भिंगावर लहान भोक पाडलेला काळा कागद धरला की प्रतिमा सुधारते, पण अंधारते. छायाचित्रणाची सगळी अडचण या प्रयोगात आली. कडेने येणारे किरण मधल्या किरणांशी जुळत नाहीत; यालाच गोलीय विपथन म्हणतात. वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येतात, हे वर्णीय विपथन. शिवाय प्रतिमा सपाट पडद्यावर न पडता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. छिद्र लहान केले तर दोष झाकले जातात, पण प्रकाश जातो. दोष न वाढवता छिद्र मोठे करणे हाच लेन्स रचणाऱ्यांचा खरा उद्योग राहिला आहे.

१८३९ मध्ये दागेरची छायाचित्रण पद्धती जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्स इतक्या मंद होत्या की माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये कागदावर हिशेब मांडून साधारण एफ/३.६ ची लेन्स रचली. तोफखान्यातील आकडेमोडीत तरबेज सैनिक त्यांच्या दिमतीला देण्यात आले होते. हे ऐकायला गमतीचे वाटते, पण त्यामागची गरज खरी होती. एकेक किरण प्रत्येक पृष्ठभागावर किती वळतो हे लॉगॅरिथमच्या कोष्टकांनी काढायचे, मग एका पृष्ठाची वक्रता जराशी बदलायची आणि सारा हिशेब पुन्हा करायचा, असे हे काम होते. लेन्सची खरी किंमत काचेपेक्षा या आकडेमोडीत असे, आणि संगणक येईपर्यंत पुढची शंभर वर्षे ती तशीच राहिली.

पन्नास मि.मी. लेन्सचा वंश मात्र पेट्झवालकडून नव्हे, गाऊसकडून येतो. तोच गाऊस, जो आपल्याला गणितात पदोपदी भेटतो. १८१७ मध्ये त्याने दुर्बिणीसाठी चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन भिंगांची जोडी सुचवली. दुर्बिणीत ती फारशी रुजली नाही. १८८८ मध्ये अमेरिकेतील दुर्बीणकार अल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांनी अशा दोन जोड्या मध्ये छिद्र ठेवून पाठीला पाठ लावून मांडल्या. असे केल्याने काय साधते? छिद्राच्या अलीकडे जो दोष निर्माण होतो, त्याच्या उलट दोष पलीकडे निर्माण होतो, आणि काही विपथने आपोआप एकमेकांना मारतात. झाइस कंपनीतील पाउल रूडॉल्फ यांनी १८९६ मध्ये हीच मांडणी जाड भिंगांनी सुधारून सहा भिंगांची 'प्लानार' लेन्स तयार केली. नावातच तिचा गुण आहे, कारण तिची प्रतिमा सपाट पडे.

आणि तरीही प्लानार मागे पडली. रूडॉल्फ यांनीच सहकाऱ्याबरोबर रचलेली १९०२ ची चार भिंगांची 'टेसार' लेन्स बाजारात सरस ठरली. या पराभवाचे कारण विद्यार्थ्यांकडून जरूर काढून घ्यावे. काच आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होतो. टेसारमध्ये अशा सहा सीमा आहेत, प्लानारमध्ये आठ. म्हणजे प्लानारमधून पाव ते एक तृतीयांश प्रकाश वाया जाई. पण नुसता वाया गेला असता तर चालले असते. एका पृष्ठावरून मागे फिरलेला प्रकाश दुसऱ्यावर आपटून पुन्हा फिल्मकडे येतो आणि चित्रावर धुरकट पडदा टाकतो. सहा पृष्ठांतून अशा दोन-दोनच्या जोड्या १५ होतात, आठांतून २८. दोनच पृष्ठे वाढली, पण उपद्रव जवळजवळ दुप्पट झाला.

यावरचा उपाय चुकून नजरेस पडला होता. इंग्लंडमधील हॅरॉल्ड डेनिस टेलर यांनी १८९२ मध्ये पाहिले की जुन्या, पृष्ठावर डाग धरलेल्या लेन्समधून नव्या लेन्सपेक्षा जास्त प्रकाश पार होतो. आपण असती तर ती लेन्स खराब म्हणून टाकून दिली असती. पृष्ठावर साचलेला पातळ थर परावर्तन कमी करत होता. या तत्त्वावर भरवशाचा उपाय १९३५ मध्ये आला. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात काचेवर पातळ थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास ठेवली की थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणारे तरंग एकमेकांना बहुतांशी नष्ट करतात. साबणाच्या फुग्याचाच हा धडा. प्रथम हे तंत्र लष्करी गुपित म्हणून दडवले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सर्रास झाले, आणि आठ पृष्ठांचे भय उरले नाही.

दरम्यान लेस्टर येथील टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीतील होरेस ली यांनी १९२० मध्ये प्लानारची काटेकोर समरूपता मोडून तिला एफ/२ पर्यंत नेले होते. आजच्या पन्नास मि.मी. लेन्सची घडण मुळात हीच आहे.

पण पन्नासच का? त्याचे श्रेय लायकाला. ऑस्कर बार्नाक यांनी चलच्चित्राची फिल्म वापरून २४ गुणिले ३६ मि.मी. आकाराचे चित्र घेणारा छोटा कॅमेरा केला आणि तो १९२५ मध्ये बाजारात आला. या चौकटीचा कर्ण ४३ मि.मी. भरतो. माक्स बेरेक यांनी त्यासाठी रचलेली लेन्स ५० मि.मी. ची होती, पुढच्यांनी तेच गिरवले. 'पन्नास मि.मी. म्हणजे माणसाची नजर' असे म्हणतात ते मला पटत नाही, कारण डोळ्याला अशी चौकटच नसते. खरे कारण चित्र पाहण्याच्या अंतरात आहे. फिल्म आठपट वाढवली तर साधारण १९ गुणिले २९ सें.मी. चा छाप होतो. तो ५० मि.मी. च्या आठपट, म्हणजे ४० सें.मी. वरून पाहिला की दृश्यातली अंतरे मूळच्यासारखी भासतात. पुस्तक आपण जवळपास तितक्याच अंतरावर धरतो! २८ मि.मी. लेन्सने काढलेला तोच छाप २२ सें.मी. वर, नाकाजवळ धरावा लागेल.

पुढे एक अडसर आला, तो म्हणजे आरसा. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरपा आरसा हलतो, आणि त्याला सुमारे चार सें.मी. मोकळी जागा लागते. या घडणीत शेवटच्या भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर नाभीय अंतराच्या पाऊणपटच भरते. म्हणून झाइसच्या १९३६ च्या सुमाराच्या 'बायोटार'चे नाभीय अंतर ५८ मि.मी. ठेवावे लागले. सोव्हिएत 'हेलिओस-४४' ही तिचीच नक्कल. झेनिट कॅमेऱ्याबरोबर ती भारतातही अनेकांच्या हाती आली. जास्त अपवर्तनांकाच्या काचा आल्यावर १९६० च्या दशकात ५८ चे ५० झाले. त्याहून आखूड लेन्स हवी तर पुढे एक मोठे अंतर्गोल भिंग लावून प्रतिमा मागे ढकलावी लागते. फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० मध्ये ३५ मि.मी. लेन्ससाठी हे केले, पण भिंगे वाढली आणि किंमतही. लांब लेन्स घ्यावी तर काच मोठी लागते. पन्नास मि.मी. च्या जागी मात्र काही उलटसुलट करावे लागत नाही.

एफ/१.८ वर थांबण्यातही शहाणपण आहे. एफ/१.४ केले तर प्रकाश १.६५ पट मिळतो, पण गोलीय विपथनाचा ठिपका छिद्राच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे दुपटीहून अधिक वाढतो. तो आवरायला बहुधा सातवे भिंग घालावे लागते. १९९० मध्ये कॅननने आपल्या पन्नास मि.मी. एफ/१.८ लेन्सची दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा नळी आणि जोडकडी प्लॅस्टिकची केली, अंतरपट्टी काढून टाकली. वजन १३० ग्रॅम झाले. सहा भिंगांची रचना मात्र पूर्वीचीच ठेवली. काटकसर काचेबाहेर झाली. रचनेचा खर्च तर कधीच वसूल झालेला होता.

आता विद्यार्थ्याचा प्रश्न. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मि.मी. झूम लांब टोकाला एफ/५.६ वर असते. तिच्यापेक्षा एफ/१.८ जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. वर्गातल्या ट्यूबलाइटमध्ये झूमला १/१० सेकंद लागत असेल तर हिला १/१०० पुरे, आणि फळ्याकडे वळणारा मुलगा हलत नाही. मात्र लहान संवेदक असलेल्या कॅमेऱ्यावर पन्नास मि.मी. लेन्स ७५ ते ८० मि.मी. सारखी वागते. चेहरा टिपायला ती उत्तम, पण रोजच्या वापराला खोलीत मागे सरकायला भिंत आडवी येते. तिथे ३५ मि.मी. एफ/१.८ बघावी. निकॉनने २००९ मध्ये अशा कॅमेऱ्यांसाठी काढलेली लेन्स साच्यात घडवलेल्या अगोल भिंगामुळे स्वस्त राहिली. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत मात्र नुसत्या आकड्यांवर जाऊ नये. निकॉनच्या २०१८ च्या पन्नास मि.मी. एफ/१.८ मध्ये १२ भिंगे आहेत. कॅननच्या २०२० च्या लेन्समध्ये सहाच. आकडे तेच, किमती फार वेगळ्या.

जुनी लेन्स घेत असाल तर ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरून आतली प्रतिबिंबे मोजा. जांभळी किंवा पिवळसर दिसली तर थर चढवलेला आहे; पांढरी शुभ्र असतील तर नाही. मग छिद्र पूर्ण उघडून उजेडाकडे आरपार पाहा. कोकणात आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी हटकून सापडते. ती दिसली तर किंमत कितीही कमी असो, लेन्स परत ठेवून द्यावी.