नखीची निवड

तंतुवाद्याचा विचार करितांना लोकांचें लक्ष वाद्याच्या घडणीकडे आणि तारांकडे जातें. ज्या बोटभर तुकड्यानें ती तार छेडावयाची त्याच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. सतारियाच्या तर्जनीवरील तारेची नखी, सरोदियाच्या चिमटींतील करवंटीचा जवा आणि गिटार वाजविणाराच्या हातांतील पातळ त्रिकोणी चकती हीं तिन्हीं एकाच कुळांतील साधनें होत. संस्कृतांत या साधनास ‘कोण’ असें नांव आहे. ग्रीक लोक त्यास ‘प्लेक्ट्रॉन’, म्हणजे आघात करणारें, असें म्हणत. गिटार शिकूं लागलेला मनुष्य दुकानांत जातो, तेव्हां त्याच्यापुढें नाना रंगांच्या, आकारांच्या व जाडीच्या नख्या मांडल्या जातात, आणि यांतील उत्तम कोणती असा त्यास प्रश्न पडतो. हाच प्रश्न इतिहासास विचारला, तर इतिहास उलट विचारतो : वाजवावयाचें काय आहे ?

बगदादच्या संगीतपरंपरेंत वाढलेला झिर्याब हा गवई इ. स. ८२२ मध्यें स्पेनमधील कॉर्डोबा नगरींत आला. त्याचें वाद्य ऊद. १७ व्या शतकांतील इतिहासकार अल्-मक्करी सांगतो कीं, पूर्वीची लाकडी नखी टाकून झिर्याबानें गरुडाच्या पिसाची नखी रूढ केली. ही हकीकत मूळ काळानंतर आठ शतकांनीं लिहिलेली आहे. तथापि तींत सांगितलेलीं कारणें कोणाही वादकास पटण्यासारखीं आहेत. पीस बोटांना हलकें लागतें, आणि त्याच्या स्पर्शानें तार लवकर झिजत नाहीं. तार, हात आणि नाद या तिहींचा मेळ पाहून नखी ठरवावी, हा विचार इतका जुना आहे.

ऊदापासून युरोपांत ल्यूट हें वाद्य निर्माण झालें आणि तेंही प्रथम पिसाच्या नखीनेंच वाजे. पुढें १५ व्या शतकाच्या उत्तरार्धांत वादकांनीं हळूहळू नखी खालीं ठेविली. याचें कारण त्या काळच्या संगीतांत सांपडतें. नखीनें एक तार छेडतां येते, किंवा शेजारशेजारच्या तारा एका झटक्यांत वाजवितां येतात. परंतु एकमेकींपासून दूर असलेल्या दोन तारा, मधलीला स्पर्श न करितां, एकाच क्षणीं छेडणें तिला साधत नाहीं. युरोपांतील त्या वेळच्या गायनांत तीन-तीन, चार-चार स्वतंत्र स्वरपंक्ती एकत्र चालत. त्या एकाच वाद्यावर उतरवावयाच्या, तर एका नखीचें काम चार बोटांकडे सोंपविणें भाग होतें. इ. स. १५०७ मध्यें व्हेनिस येथें पेत्रुच्ची या मुद्रकानें स्पिनाचिनो याच्या ल्यूटवादनाचीं पुस्तकें छापलीं, तोंपर्यंत हा पालट बराच पुढें गेला होता. नखी वाईट ठरली म्हणून ती गेली नाहीं. संगीत बदललें म्हणून ती गेली.

आतड्याच्या तारांची गिटार याच मार्गानें चालली. परंतु बोटांनीं वाजवावयाचें असें ठरल्यावरही वाद संपला नाहीं. फर्नांडो सोर (१७७८–१८३९) हा बोटाच्या मांसल टोकानें तार छेडी, आणि त्याचा स्नेही दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) नखानें छेडी. एकाच्या नादांत मार्दव, तर दुसऱ्याच्या नादांत तेज व स्पष्टता. या मतभेदानें त्यांच्या स्नेहास बाध आला नाहीं. उलट, दोघांनीं मिळून वाजविण्यासाठीं सोर यानें एक रचना केली आणि तिला ‘दोन मित्र’ या अर्थाचें नांव दिलें.

तार पोलादाची झाली, तेव्हां मात्र नखीला पुन्हा मान मिळाला. पोलादी तारेवर जोरानें वाजवूं लागल्यास बोटाचें कातडें सोलतें आणि नख झिजतें. मँडोलिनवर १८ व्या शतकांत पिसाच्या नख्या वापरीत. १९ व्या शतकांत तारांचा ताण वाढला आणि पिसाच्या जागीं कासवाचें कवच आलें. उष्ण समुद्रांत राहणारें, ससाण्यासारखी वांकडी चोंच असलेलें एक कासव आहे. त्याच्या पाठीवरील पिंगट-पिंवळ्या पापुद्र्यांपासून फण्या, पेट्या, चष्म्याच्या चौकटी आणि नख्या बनत. हें कवच केराटिन नांवाच्या द्रव्याचें असतें. मनुष्याचें नखही त्याच द्रव्याचें. तें ताठ असून किंचित् लवतें, घासून हवें तसें गुळगुळीत होतें आणि तारेवरून खरखर न करितां निसटतें. वादकांनीं त्याची वाखाणणी केली ती अकारण नव्हे. पण त्या प्रत्येक नखीमागें एका प्राण्याचा जीव गेलेला असे.

त्यास पर्याय निघाला तो दुसऱ्याच एका प्राण्याच्या टंचाईंतून. अमेरिकेंत बिलियर्डचे गोळे हस्तिदंताचे करीत, आणि हस्तिदंत महाग होत चाललें होतें. त्याऐवजीं दुसरें द्रव्य शोधतां शोधतां जॉन वेस्ली हायट आणि त्याचा बंधु यांनीं, नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस व कापूर यांपासून सेल्युलॉइड बनविलें व १८७० मध्यें त्याचें पेटंट घेतलें. हें द्रव्य रंगवून हुबेहूब कासवाच्या कवचासारखें दिसे. न्यूयॉर्कमध्यें लुइजी द’आंद्रेआ या इटालियन गृहस्थानें १९२२ मध्यें सेल्युलॉइडच्या पत्र्यांतून नख्या कापून विकण्याचा उद्योग आरंभिला. त्याच वर्षीं निक लुकस यानें केवळ गिटारचें, नखीनें वाजविलेलें वादन ध्वनिमुद्रित केलें. स्वस्त नखी आणि ध्वनिमुद्रिका यांची जोडी अशी जमली, व नखीनें वाजविणारांचा वर्ग वाढत गेला.

तरीही सर्वांनीं एकच नखी पत्करली नाहीं. १९२७ मध्यें टेनेसींतील ब्रिस्टल गांवीं कार्टर कुटुंबाचीं गाणीं मुद्रित झालीं. त्या कुटुंबांतील मेबेल कार्टर या अंगठ्यानें खालच्या स्वरांच्या तारांवर चाल वाजवीत आणि बोटानें वरच्या तारांवर ठेका धरीत. एकच वाद्य गीतही बोले व तालही धरी. ज्यांना असें वादन साधावयाचें, त्यांनीं चिमटींत धरण्याच्या चकतीपेक्षां अंगठ्यांत व बोटांत घालण्याच्या नख्या पसंत केल्या. मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाच्या हवाईयन गिटारनेंही हीच रीत ठेविली, आणि तीच भारतांत येऊन ब्रिजभूषण काब्रा व विश्वमोहन भट्ट यांच्या रागवादनापर्यंत पोहोंचली.

सेल्युलॉइडनें कासवाचा भार कांहींसा हलका केला. पण त्या द्रव्यांत एक उग्र दोष होता. तें भडकन् पेट घेई. पॅरिसजवळ भटक्या रोमा लोकांच्या तळावर जँगो राइनहार्ट नांवाचा १८ वर्षांचा तरुण वादक राहत असे. त्याची पत्नी सेल्युलॉइडचीं कृत्रिम फुलें करून विकी. १९२८ मध्यें एके रात्रीं दिव्याची ठिणगी त्या फुलांवर पडली आणि त्यांची गाडी पेटली. जँगो वांचला, मात्र त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें कायमचीं आखडलीं. उरलेल्या दोन बोटांनीं सूर दाबण्याची नवी पद्धति त्यानें स्वतः सिद्ध केली, आणि १९३४ मध्यें व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेल्ली याच्यासह स्थापिलेल्या पॅरिसच्या वाद्यवृंदांतून तो कीर्तीस चढला. त्या वृंदांत ढोल नव्हता. दोन गिटारी पाठीमागें सतत ठेका देत, आणि त्यांच्यावरून जँगोच्या एकेका स्वरानें ऐकूं जावयाचें असे. म्हणून त्या परंपरेंतील वादक आजही जाड, मुळींच न वांकणारी नखी घेतात व मनगट सैल सोडून आघात तारेंतून पार नेतात. ज्याचा डावा हात असा उणा झाला, त्याच्या वादनाचें अर्धें बळ उजव्या हातांतील त्या ताठ तुकड्यांत होतें.

विजेच्या गिटारनें आवाजाची चिंता मिटविली, तेव्हां निवड अधिकच मोकळी झाली. वेस माँटगोमेरी यानें नखी सोडून नुसत्या अंगठ्यानें वाजविलें. त्याचा तो मऊ, गोल नाद १९६० च्या सुमारास जॅझमध्यें आदर्श ठरला. याच्या अगदीं उलट, इंग्लंडांतील ब्रायन मे यानें जुनें सहा पेन्सांचें नाणें नखी म्हणून धरिलें. धातु वांकत नाहीं. आणि नाण्याच्या दंतुर कडेचा तारेवर घांसून होणारा किंचित् कर्कश ध्वनि त्यास हवा होता. एकाचा दोष दुसऱ्याच्या वादनांत गुण ठरतो, तो असा.

इकडे कासवाची स्थिति बिकट होत गेली. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयींचा करार १९७३ मध्यें वॉशिंग्टन येथें झाला, १९७५ मध्यें अमलांत आला, आणि १९७७ पासून या जातीच्या कासवाचा व्यापार त्याखालीं सर्वत्र निषिद्ध ठरला. भारतांतही या कासवास कायद्याचें कडक संरक्षण आहे. जपानांत या कवचाच्या कारागिरीची जुनी परंपरा असल्यानें तेथील आयात १९९२ च्या अखेरीपर्यंत चालू राहिली. १९९६ पासून ही जात अत्यंत धोक्यांतील म्हणून गणली जाते. नखी ही या संहाराचें मुख्य कारण नव्हती. परंतु निर्दोषही नव्हती. आज नायलॉन, पॉलिअॅसिटल इत्यादि द्रव्यांच्या नख्या सर्वत्र मिळतात. त्या पेटण्याचें भय सेल्युलॉइडइतकें नाहीं, आणि त्यांच्यासाठीं कोणाची पाठ सोलावी लागत नाहीं.

मग नवशिक्यानें काय घ्यावें ? प्रथम तार पाहावी : नायलॉनच्या तारांस बोटें शोभतात, पोलादी तारांस नखी. मग वादन पाहावें. गाण्यामागें सर्व तारांवरून हात फिरवावयाचा असेल, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची पातळ नखी बरी. ती वांकते, आणि सर्व तारा सारख्या बोलतात. एकेक स्वर स्पष्ट काढावयाचा असेल, तर एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड नखी घ्यावी, कारण ती वांकण्यांत वेळ दवडीत नाहीं. टोंक अणकुचीदार असेल तर नाद तेजस्वी होतो, बोथट असेल तर भरीव. ज्यास दोन्हीं प्रकार करावयाचे आहेत त्यानें या दोहोंमधील जाडीनें आरंभ करावा आणि हात स्थिरावल्यावर कानास विचारून बदल करावा.

झिर्याबानें पीस घेतलें, सोर यानें बोटाचें मांस वापरलें, मेबेल कार्टर यांनीं अंगठ्याकडे चाल सोंपविली. यांपैकीं कोणीही दुसऱ्याचें साधन केवळ तें नामांकित म्हणून उचललें नाहीं. प्रत्येकानें आधीं आपलें गाणें ओळखलें आणि मग साधन निवडलें. ज्यास आपलें गाणें उमगलें, त्यास बाजारांतील स्वस्त चकतीही पुरते. आणि ज्यास तें उमगलेलें नाहीं, त्याच्या हातीं कासवाचें दुर्मिळ कवच असलें तरी त्यांतून एका जीवाच्या हानीखेरीज कांहींच निष्पन्न व्हावयाचें नाहीं.