शल्यचिकित्सकाच्या टेबलावरून ठाण्याच्या मनोरुग्णालयात

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 साली सुरू झालं आणि पुढे बराच काळ ते नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखलं गेलं. अशा संस्थांचा इतिहास लिहिताना देणगीदार, इमारती, अधीक्षक यांची नोंद होते. औषधांची वंशावळ सहसा राहून जाते. ती तपासली तर गेल्या शतकातला सगळ्यात मोठा बदल वेडावरच्या संशोधनातून आलेलाच नाही, असं दिसतं. तो आला शस्त्रक्रियेच्या धसक्याच्या अभ्यासातून. तोवर मनोरुग्णालयांकडे होतं काय? ब्रोमाइड, पॅराल्डिहाइड, नंतर इन्शुलिनची गुंगी आणि विजेचे झटके.

फ्रेंच नौदलातले शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांना रुग्ण शस्त्रक्रियेनंतर का खचतो, एवढंच शोधायचं होतं. शरीराची धास्ती मेंदूकडूनच आवरता येईल, असा त्यांचा कयास होता. 1950च्या डिसेंबरात रोन-पुलँक कंपनीत क्लोरप्रोमाझिन तयार झालं. घंटा वाजली की शॉक टाळायला दोरावर चढणारे उंदीर ते टोचल्यावर घंटा वाजली तरी जागचे हलेनात. लाबोरींच्या रुग्णांतही तशीच अलिप्तता दिसली आणि 1952मध्ये पॅरिसचे मनोविकारतज्ज्ञ देले व देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. याला निव्वळ योगायोग म्हणतात. मला ते पटत नाही. औषध कुठे उपयोगी पडेल हे ठाऊक नव्हतं, पण ताणाचा धागा मेंदूपर्यंत जातो हे गृहीत धरूनच शोध चालला होता.

दुसरा धागा मुंबईचा. तिथले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम वकील यांनी 1949मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला. तिच्यातलं रेसर्पिन 1952मध्ये वेगळं झालं. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं तेव्हा मेंदूतलं डोपामाइन हे संदेशवाहक रसायन संपून ससे कान पाडून निपचित पडले आणि ते भरून काढणारं एल-डोपा देताच उठले. 1963मध्ये त्यांनीच उंदरांवरून ताडलं, की क्लोरप्रोमाझिन डोपामाइन संपवत नाही, ते टिपणारे पेशींवरचे रिसेप्टर अडवतं. सत्तरच्या दशकात वासरांच्या मेंदूच्या ऊतींवर ते मोजूनही झालं. उंदराला वेड लागत नाही, मग त्याच्यावरून माणसाचं काय कळणार, हा आक्षेप रास्त आहे. वेड म्हणजे काय, हे सशाने सांगितलंही नाही. पण या औषधांनी रुग्णांचे हात कापू लागतात, अंग ताठरतं, हे डॉक्टर पाहतच होते. त्याचं उत्तर मात्र त्या निपचित सशातच होतं: गुण आणि दोष एकाच यंत्रणेतून येत होते.

औषधांनीच मनोरुग्णालयांची दारं उघडली, असंही म्हटलं जातं. इथे मात्र हात आखडता घ्यावा लागतो. क्लोरप्रोमाझिन वापरात येऊन चाळीस वर्षं झाली तरी ठाण्यासह देशभरात रुग्णांना दाखल करण्या-सोडण्याचे नियम ठरवणारा 1912चा वेडेपणाचा कायदाच चालू होता. 1987चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात लागू झाला तो 1993मध्ये.