कृष्ण-अभिक्रिया आणि मज्जातंतूंच्या जाळ्याचा वाद

मेंदूचा ताजा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता त्यात पाहण्याजोगे फारसे आढळत नाही. तो मऊ असल्याने पातळ छेद नीट पडत नाहीत, आणि पडलेच तरी कोणता तंतू कोठे संपतो हे कळत नाही. आधी कठिनीकरण, मग छेदन व रंजन हा क्रम एकोणिसाव्या शतकात सावकाश रूढ झाला. १८५८ मध्ये गेर्लाख यांनी कार्मिनच्या विरल द्रावणाने छेद रंगविले. पेशी स्पष्ट झाल्या. त्यांच्या सूक्ष्म शाखा मात्र धूसरच राहिल्या. त्या एकमेकींत मिसळून अखंड जाळे बनते, असे पुढे खुद्द गेर्लाख यांनीच प्रतिपादिले. या शास्त्राच्या नावातच विणकाम आहे. ग्रीक ‘हिस्तोस्’ म्हणजे माग, आणि ‘ऊतक’ हा शब्दही विणणे या अर्थाच्या संस्कृत ‘वे’ धातूवरून आलेला. जाळ्याच्या कल्पनेचे मूळ तेथे शोधण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.

१८७३ मध्ये मिलानजवळील आब्बियातेग्रासो येथे कामिल्लो गॉल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कठीण केलेला तुकडा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवला. सिल्व्हर क्रोमेट साचून मोजक्याच पेशी पिवळसर पार्श्वभूमीवर शाखोपशाखांसह काळ्याभोर उमटल्या. मोजक्याच उमटणे हाच या कृतीचा गुण होय. सर्वच उमटत्या, तर छेद काजळाचा डाग झाला असता.

कृती लहरी होती. १८८७ मध्ये माद्रिद येथे लुईस सिमार्रो यांच्याकडे काहाल यांनी असे छेद पाहिले आणि तिच्यात दोन सुधारणा केल्या. द्रावणांची प्रक्रिया त्यांनी दोनदा केली, आणि प्रौढ प्राण्यांऐवजी भ्रूण व पिल्ले घेतली. प्रौढ तंतूंवरील मायलिनच्या वेष्टनामुळे ते नीट रंगत नाहीत. पिल्लांत ते वेष्टन पुरते बनलेले नसते. दुसरी सुधारणाच अधिक मर्मग्राही म्हणावी लागेल, कारण तीत रसायन तेच राहून नमुना बदलला. १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूवरील निबंधात काहाल यांनी तंतूंची टोके मोकळी असल्याचे दाखविले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांस विभागून मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गॉल्जी यांनी स्वतंत्र पेशींच्या सिद्धान्ताचा प्रतिवादच केला. हा निव्वळ हट्ट नव्हे. पेशींमधील फट सुमारे २० नॅनोमीटर, तर प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. ती फट १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविली, आणि तेव्हाही ऑस्मियम टेट्रॉक्साइडने स्थिर केलेले अतिसूक्ष्म छेद आधी तयार करावे लागले.